माझ्या जबड्याचे चार लाख तुकडे

दंतवैद्याच्या खुर्चीत माणसाला काहीही विचारा, उत्तर एकच येतं: "आं". माझंही तेच झालं. गालात कापसाचे दोन बोळे, जिभेवर आरसा, आणि मॅडम विचारताहेत, "सर, तुम्ही ते फायनाइट एलिमेंटचं काम करता ना?" मी म्हटलं, "आं." त्यांनी तो होकार धरला. पुढचं दीड वर्ष ते "आं" निस्तरण्यात गेलं.

मी सांगलीत फिजिक्स शिकवतो. पीएचडी कॉम्प्युटरवर केलेली, विषय धातूंमधला ताण. म्हणजे एखादी वस्तू गणिताने बारीक बारीक तुकड्यांत तोडायची, प्रत्येक तुकड्याचं साधं समीकरण मांडायचं, ती सगळी एकत्र सोडवायची आणि वस्तू कुठे वाकेल, कुठे तुटेल ते बघायचं. पन्नासच्या दशकात विमानांच्या पंखांसाठी ही रीत वाढली आणि रे क्लफ यांनी १९६० साली तिला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलं. मी ती पोलादाला लावत होतो. तोंडात कधी घातली नव्हती.

मॅडमचं स्वतःचं क्लिनिक आहे, शिवाय एका डेंटल कॉलेजात त्या एमडीएसच्या मुलांना गाइड करतात. त्यांच्या एका विद्यार्थिनीला प्रबंधाला विषय हवा होता, आणि तो नेमका माझ्या तोंडात होता. खालची डावी पहिली दाढ मी सात वर्षांपूर्वी काढून घेतली होती आणि "बघू, बघू" करत तिथे काहीच बसवलं नव्हतं. दाढ गेली की खालचं हाडही ओसरत जातं. हाडावर भार येत राहिला तरच ते स्वतःला राखतं, हे युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ सालीच लिहून ठेवलंय. माझं हाड सात वर्षं रिकामटेकडं बसून होतं. आता अडचण अशी की खालच्या जबड्यातून एक नस जाते. तिला धक्का लागला तर अर्धा ओठ बधिर. तिच्या वर निदान दोन मिलिमीटर जागा सोडायची म्हटल्यावर माझ्या वाट्याला जेमतेम सहा उरत होते. मग एकतर सहा मिलिमीटरचा आखूड पण जाड इम्प्लांट (दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायचा धातूचा स्क्रू) बसवायचा, नाहीतर आधी हाड भरून घेऊन नंतर दहा मिलिमीटरचा नेहमीच्या जाडीचा. कुठल्यात हाडावर कमी ताण येतो? भिंतीत खिळा ठोकणारा कोणीही सांगेल, लांब खिळा बरा.

"निकाल लागेपर्यंत मी थांबतो," मी जोरात म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "सर, तोवर आणखी हाड जाईल." तरी मी थांबलो. स्वतःच्या जबड्याबद्दलचा प्रश्न स्वतःच सोडवायचा, ही संधी कुठल्या फिजिक्सवाल्याने सोडली असती?

एथिक्स कमिटीत पहिला प्रश्न आला तो बरोबरच होता: पेशंट आणि गणित करणारा एकच माणूस कसा? तोडगा असा निघाला की मॉडेल आणि रन विद्यार्थिनी करेल, मी फक्त दाखवेन, आणि संमतीपत्रावर माझी सही मॅडमसमोर नाही, तिसऱ्याच कोणासमोर होईल. सही केली. पेशंटच्या रकान्यात.

सीबीसीटी स्कॅनला, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी क्ष-किरण स्कॅनला, फार काही नसतं. हनुवटी टेकवायची, दातांत एक प्लास्टिकची कांडी धरायची, मशीन डोक्याभोवती फेरी मारतं, पंधराएक सेकंदांत मोकळे. रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले नोव्हेंबर १८९५ मध्ये आणि दोनच महिन्यांत ओट्टो वाल्कहॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दाढांचा फोटो काढला. त्यासाठी तो पंचवीस मिनिटं न हलता बसला होता. त्याला काय माहीत काय अंगावर घेतोय!

स्कॅनरबद्दल मात्र थोडं बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण तिथे आमचं घराणं आहे. चहूबाजूंनी घेतलेल्या सावल्यांवरून आतली वस्तू कशी उभी करायची, याचं गणित योहान राडॉनने १९१७ मध्ये लिहिलं, निव्वळ गणित म्हणून. अॅलन कॉर्मॅक हा केपटाऊनचा भौतिकशास्त्रज्ञ. हॉस्पिटलात अर्धवेळ काम करताना त्याला हाच प्रश्न पडला. राडॉनचा पत्ता नसल्यामुळे त्याने तो पुन्हा पहिल्यापासून सोडवला आणि १९६३-६४ मध्ये छापला. कोणी फारसं विचारलं नाही. पुढे इंग्लंडात हाउन्सफील्ड या इंजिनिअरने प्रत्यक्ष मशीन बांधलं आणि १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून गेलं. दोघांतला एकही डॉक्टर नव्हता. हे मी विद्यार्थिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सर, यातलं वायवाला काही विचारतील का?"

स्कॅन हातात आला आणि खरं काम सुरू झालं. थ्रीडी स्लायसर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात शेकडो काप एकावर एक रचायचे आणि कुठलं हाड, कुठला दात, कुठली मोकळी जागा हे वेगळं करत जायचं. तत्त्वतः अर्ध्या तासाचं काम. पण माझ्या शेजारच्या दाढेत कॉलेजच्या दिवसांत भरलेली चांदी होती. धातूपाशी क्ष-किरण अडतात आणि चित्रात दिवाळीच्या फुलबाजीसारख्या पांढऱ्या रेघा चहूकडे उडतात. त्या रेघांना सॉफ्टवेअर हाड समजतं. मग एकेका कापावर माऊसने खोडत बसायचं. ती पोरगी तीन आठवडे माझ्या जबड्यावरून रबर फिरवत होती. एकदा म्हणाली, "सर, तुमचे दात मला आता तुमच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचे झालेत."

इम्प्लांटचं मोजमाप कंपनी देईना. कॅटलॉगमध्ये लांबी आणि व्यास होता, आट्यांचा आकार नव्हता. मग मी एक नमुना आमच्या लॅबमध्ये नेला आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली ठेवला. बीएस्सीची मुलं ज्यावर केशनळीचा व्यास मोजतात तोच, शतांश मिलिमीटरपर्यंत वाचणारा. एकेक आटा क्रॉसवायरवर आणायचा, व्हर्नियर वाचायचं, लिहायचं. पस्तीस वर्षं मुलांना "पॅरलॅक्स काढा रे" म्हणून ओरडतोय. त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःला त्याची गरज पडली. वस्तू टायटॅनियमची, मिश्रधातूची, आणि सुंदर. हा धातू हाडाला चिकटतो हे ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाला १९५२ मध्ये अपघातानेच कळलं. स्वीडनमध्ये सशाच्या पायाच्या हाडात रक्तप्रवाह बघायला त्याने टायटॅनियमची डबी बसवली होती, ती काढायला गेला तर निघेना. माणसाच्या जबड्यात पहिला बसला तो १९६५ मध्ये.

मग मेशिंग, म्हणजे तुकडे पाडणं. जबड्याचा तेवढाच डावा तुकडा घेतला, शेजारच्या दाढेसकट. एकूण चार लाखांवर चौफलकं, म्हणजे चार बाजूंचे तुकडे. आट्यांपाशी अगदी रव्याएवढी बारीक, लांब गेल्यावर जाडसर. शिकाऊ माणसाला इथे वाटतं की जितके जास्त तुकडे तितकं उत्तर अचूक. रन रात्री लावायचा आणि यूपीएस दगा देऊ नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं.

पहिला मोठा धक्का मेशनेच दिला. इम्प्लांटच्या मानेपाशी, हाडाच्या कडेला, ताण आला ३८ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक). नियम म्हणून मेश बारीक करून पुन्हा रन लावला. ४७. आणखी बारीक केला. ६१. पोरगी घाबरली. मलाही क्षणभर सुचेना, मग लक्षात आलं आणि स्वतःवरच चिडलो. हाडाची कड आम्ही काटकोनात कापलेली होती. आत वळलेल्या टोकदार कोपऱ्यात गणिताच्या हिशेबाने ताण अनंत असतो, त्यामुळे तुम्ही जितकं जवळून बघाल तितका आकडा फुगत जाणार. खऱ्या हाडाला असा कोपरा नसतोच. तिथे थोडी गोलाई दिली आणि आकडा जागेवर थांबला. थोडक्यात, आम्ही तीन रात्री एका नसलेल्या कोपऱ्याची पूजा करत होतो. याआधी कोणी एकाच मेशवर रन लावून ३८ लिहून मोकळा झाला असता तर कोणाला कळलंही नसतं.

(पाठ्यपुस्तकात स्ट्रेसला प्रतिबल म्हणतात. मी क्लिनिकमध्ये एकदा "प्रतिबल" म्हणून पाहिलं. मॅडमनी विचारलं, "कुठलं टॉनिक?" तेव्हापासून ताण.)

मधल्या प्रेझेंटेशनला एका परीक्षकांनी विचारलं, "सॅम्पल साइझ किती?" एक, असं उत्तर. "मग पी व्हॅल्यू कशी काढणार?" म्हणजे निकाल निव्वळ योगायोग नाही ना, हे सांगणारा आकडा. काढायचीच नाही. तेच मॉडेल, तोच भार, शंभर वेळा रन लावा, शेवटच्या दशांशापर्यंत तेच उत्तर येणार. विचलनच नाही तर सार्थकतेची चाचणी कशाची घेणार? पण दंतशास्त्रात अख्खं शिक्षण पेशंटच्या गटांवर झालेलं, त्यामुळे आकडेवारीचा तक्ता नसलेला प्रबंध त्यांना कपडे न घातलेल्या माणसासारखा दिसतो. शेवटी चार लाखांतले काही शे बिंदू उचलून त्यांचीच सरासरी आणि टी-टेस्ट करा, असं कोणीतरी सुचवलं. तिथे मी अडून बसलो. एकाच पोळीचे तुकडे मोजून शंभर पोळ्या झाल्या म्हणायचं का? त्याऐवजी आम्ही हाडाचा ताठपणा, भाराची दिशा, आट्यांची खोली थोडी थोडी बदलून निकाल किती हलतो ते दाखवलं. ते पटलं की कंटाळून सोडून दिलं, सांगता येत नाही.

आणि रंगीत चित्रं! निळ्यापासून लालपर्यंत. सगळे लाल डागाकडे बोट दाखवून "इथे फेल होणार" म्हणतात. अहो, लाल कुठून सुरू करायचा ते मीच ठरवलंय. पट्टी थोडी सरकवली की तोच जबडा अख्खा निळाशार करून देतो.

आता माझी चूक सांगतो. पोरीची नव्हे, माझी. प्रत्येक पदार्थाचा ताठपणा सॉफ्टवेअरला द्यावा लागतो. त्याचे आकडे जुन्या लेखांतून सगळे एकमेकांकडून घेतात: दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल ८४.१, त्याच्या आतलं डेंटिन १८.६, बाहेरचं कठीण हाड १३.७, आतलं जाळीदार हाड १.३७. हे गिगापास्कलमध्ये. आम्ही मिलिमीटर आणि न्यूटनमध्ये काम करत होतो, म्हणजे मेगापास्कल हवेत. मी फर्ड्या आवाजात सांगितलं, "सगळ्यांना हजाराने गुण." तिने गुणलं. त्याच तक्त्यात एक ओळ होती पीडीएलची, दात आणि हाड यांच्यामधल्या तंतूंच्या पातळ पडद्याची. ६८.९. तो आकडा आधीपासूनच मेगापास्कलमध्ये होता. मुळाभोवतीचा मऊ पडदा आम्ही डेंटिनच्या साडेतीन पटींहून जास्त ताठ करून ठेवला.

सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. रन सुरळीत झाला, चित्रं देखणी आली.

चूक पकडली मॅडमनी, आणि ती तक्ता बघून नव्हे. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला होता, शंभर न्यूटनचा उभा भार आधी इम्प्लांटवर, मग शेजारच्या खऱ्या दाढेवर. त्यांनी दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाल्या, "हे असं नाही होणार. दोघं सारखेच कसे हलतील?" मी म्हटलं, आकडे तर बरोबर दिसतात. त्यांनी आरशाचा दांडा उचलला. "सर, आ करा." माझ्या उजव्या बाजूच्या दाढेवर दांड्याने हलकेच ठोकलं. ठप्प. मग म्हणाल्या, "हाडाला नीट चिकटलेल्या इम्प्लांटवर ठोकलं ना, की टण्ण वाजतं. कपाला चमचा लागल्यासारखं. दात गादीवर बसलेला असतो. माझ्या बोटाला ते रोज कळतं. तुमच्या मॉडेलला गादी कुठाय?"

गादी होती, आम्ही तिची फरशी केली होती.

आकडा दुरुस्त केला, रन लावला, मी निश्चिंत. मॅडम तरीही नाखूश. निरोगी दात उभ्या दाबाखाली २५ ते १०० मायक्रॉन खाली बसतो, इम्प्लांट ३ ते ५. आमच्या मॉडेलमधली दाढ आता त्या गादीत जेमतेम तीन मायक्रॉन दबत होती. म्हणजे सगळेजण वर्षानुवर्षं छापत आलेला तो ६८.९ सुद्धा फार ताठ होता. आणखी लेख काढले तर या एका पडद्यासाठी वेगवेगळ्या लोकांनी वापरलेल्या आकड्यांत हजारो पटींचा फरक निघाला. हजारो पटींचा! पोलादाच्या बाबतीत पाच टक्के फरक आला तर आम्ही लॅबवाल्याला फैलावर घेतो.

दातवाल्यांची दातवाल्यांनीच केलेली गंमत म्हणून मी ते हसण्यावारी नेलं असतं, पण विचार करता करता कळलं की दोष आकड्याचा नाही, एकच आकडा मागण्याचा आहे. तो पडदा स्प्रिंगसारखा नाही. सैल, लहरदार तंतू आधी नुसते सरळ होतात, तेव्हा दात अगदी हलक्या दाबालाही खाली बसतो. तंतू ताणले गेले की मग पडदा एकदम ताठ. बाजेची सुंभं आठवा: बसताना पहिली दोन बोटं लगेच खाली जातो, मग कितीही जड माणूस असो, बाज धरून राहते. स्कॅनमध्ये हा पडदा दिसतही नाही. त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आत आणि आमच्या चित्राचा ठिपकाच ०.२ मिलिमीटरचा. मुळावर साल चढवावी तसा तो आम्ही हाताने काढला होता. सगळ्या मॉडेलमध्ये सगळ्यांत जास्त कारभार करणारी गोष्ट ती, आणि तीच कोणी पाहिलेली नाही. आम्ही तिला दोन पायऱ्यांचा ताठपणा दिला, आधी मऊ, मग कडक. रन तिप्पट वेळ घ्यायला लागला, कधी मध्येच आपटायचा. पण दाढ बोटाला वागते तशी वागायला लागली.

भाराच्या दिशेचंही असंच. मी सरळ वरून खाली दाबत होतो. मॅडम म्हणाल्या, "समोरच्याला भडंग खाताना बघा. जबडा जात्यासारखा फिरतो." तेव्हापासून तीस अंशांचा तिरका भार धरला, आणि सगळी गोष्टच पालटली. तिरक्या भाराखाली मानेपाशी, वरच्या दोनतीन मिलिमीटरच्या कठीण हाडात ताण एकवटतो, इम्प्लांट लांब असो की आखूड. दहा मिलिमीटरवाल्याचा खालचा अर्धा भाग जवळजवळ बसून खात होता. जाडी वाढवली की मात्र मानेचा ताण खरोखर उतरत होता. भिंतीतला खिळा आम्हाला चुकीचं शिकवून गेला होता. खिळा घर्षणाने धरतो, इथे हाड धातूला चिकटलेलं असतं.

हे नवं नाही. दुसऱ्यांनीही हेच लिहिलंय. पोरीचा प्रबंध नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेला, पासही झाला.

निकाल घेऊन मी विजयी मुद्रेने म्हटलं, "तर मग आखूड आणि जाड." मॅडम म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी तेच सांगणार होते, तुम्हीच थांबलात." वर हेही ऐकवलं की मॉडेलला शुगर नसते, मॉडेल रात्री दात खात नाही, आणि मॉडेलमध्ये हाड इम्प्लांटला शंभर टक्के चिकटलेलं आम्हीच धरलंय. तुमच्यात ते चिकटेल का ते तीन महिन्यांनी कळेल.

तीन महिन्यांनी त्यांनी इम्प्लांटवर दांड्याने ठोकलं. टण्ण.

कॅप बसवायच्या दिवशी मी पुन्हा त्याच खुर्चीत. निळा कागद दातांत घालून "चावा, टक टक करा, आता डावी-उजवीकडे घासा" झालं, ठिपके बघून इथेतिथे घासलं. मला वाटलं संपलं. मग त्यांनी चिमट्यात एक चकचकीत पट्टी धरली, इतकी पातळ की श्वासाने हलत होती. "आठ मायक्रॉन," त्या म्हणाल्या. "हलकंच दात मिटा." मिटले. पट्टी नव्या कॅपवरून सर्रकन निघून आली. शेजारच्या दाढेवर ठेवली तर तिथे मात्र अडकली. "आता जोरात." जोरात चावलो. या वेळी पट्टी कॅपवरही घट्ट धरली गेली, ओढूनही निघेना.

"हे असं का करता?" चिमटा बाहेर आल्यावर मी विचारलं.

"हलकं चावताना कॅपला दात लागता कामा नये. जोर आला की बाकीचे दात खाली बसतात, मग तिने भार घ्यायचा. इम्प्लांट बसत नाही ना खाली."

"हे कधीपासून करताय?"

"आमच्या सरांनी शिकवलं तेव्हापासून. वीसेक वर्षं झाली." त्यांनी हातमोजे काढले. "सर, तासभर काही खाऊ नका. आणि आज भडंग नको."